देवचक्क्यांची इर्जिक

आपल्याला मित्र नाही, ही गोष्ट गजानन देवचक्के यांना कळली ती हिवतापात. एरवी कळायचं काही कारणच नव्हतं. देवळाली प्रवरेपासून दोन कोसांवरच्या करंजवाडीचे ते पोस्टमास्तर. पुढे पोस्ट, मागे बिऱ्हाड. दिवसभर खिडकीशी माणसांची रीघ लागलेली असायची. येणारा प्रत्येक जण 'राम राम साहेब' म्हणायचा, म्हशीपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांची खुशाली सांगायचा, आलेलं पत्र वाचून घ्यायचा आणि जाताना पुन्हा राम राम घालायचा. आपला गोतावळा फार मोठा आहे, असं देवचक्के चार वर्षं समजून चालले होते. मग सत्तर सालच्या गणपतीनंतर त्यांना ताप भरला, खिडकीवर देवळालीहून बदली कारकून आला, आणि देवचक्के मागच्या खोलीत दोन गोधड्या पांघरून भेटीला येणाऱ्यांची वाट पाहत पडले.

भेटीला कुणी आलं नाही, असं म्हणता येणार नाही. पहिला आला तो बन्सी. मळ्यात राहणारा, दांडगा, मोठ्यानं बोलणारा गडी. तो खाटेपाशी टेकला, देवचक्क्यांच्या कपाळावर पंजा ठेवून "लईच तापलंय की वो" म्हणाला, आणि देवचक्क्यांचे डोळे भरून येणार तेवढ्यात त्यानं खिशातून मनीऑर्डरचा कागद काढला.

"त्यो नवा सायेब म्हनतो, आंगठा नीट उठला न्हाई. तुमी सही ठोका येक, मंग निवांत झोपा."

देवचक्क्यांनी पडल्या पडल्याच सही ठोकली. दुसऱ्या दिवशी दोघे जण दारातूनच चौकशी करून गेले, पण ती तापाची नव्हती, नवी आंतर्देशीय पत्रं कधी येणार याची होती. आठवडाभर हेच. बरं, घरात माणसं येत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. शेजारच्या लंकाबाई रोज पेज आणत होत्या, गल्लीतल्या बाया काढे आणत होत्या. पण त्या सगळ्या देवचक्क्यांच्या बायकोसाठी, सुमतीबाईंसाठी. 'वहिनी जागून जागून दमल्या असतील' म्हणून. देवचक्के पेज पीत होते खरे, पण ती आपल्या खात्यावर जमा झालेली नाही, एवढं त्यांना त्या तापातही कळत होतं. मनाला फार लागलं त्यांच्या.

ताप उतरला त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मी केडगावला बदली मागणार. तिथं माझे शाळेतले सोबती आहेत. इथं मी मेलो तरी लोक आधी तिकिटं मागतील."

"मला इथून हलायचं नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "इथं माझी माणसं आहेत."

"माझी नाहीत ना!"

"कशी असतील? दारात कुणी दिसलं की तुम्ही विचारता, 'काय काम आहे?' माणसाला काम नसलं तर त्यानं बिचाऱ्यानं काय सांगावं?"

यावर बराच वाद झाला आणि शेवटी एक करार ठरला. संक्रांतीपर्यंत एक माणूस, फक्त एक, पोस्टाचं काम नसताना देवचक्क्यांना भेटायला घरी आला तर मुक्काम करंजवाडीलाच. नाही आला तर बदलीचा अर्ज. तिळगूळ घेऊन येणारे धरायचे नाहीत, हे कलम देवचक्क्यांनी आपण होऊन घातलं. सरकारी माणूस कितीही दुखावला तरी नियमाला पक्का असतो.

आता वयाच्या पंचेचाळिशीत मित्र मिळवायचा म्हणजे कुठून सुरुवात करावी, हे कोणी शिकवत नाही. देवचक्के आधी पारावर जाऊन बसले. ते येताच तिथल्या गप्पा थांबल्या, सगळे सरसावून बसले आणि एकानं विचारलं, "काय तार-बीर आली का कुनाची?" नाही म्हटल्यावरही लोकांचा विश्वास बसेना. मास्तर उगाच येऊन बसलेत म्हणजे कुणीतरी नक्की गेलं असणार आणि सांगायला त्यांना जड जातंय, असा सर्वांनी समज करून घेतला. शेवटी एका म्हातारीनं रडायला सुरुवात केली, तेव्हा देवचक्के उठून घरी आले.

मग त्यांना बॅडमिंटन सुचलं. नगरला शिकत असताना ते बरं खेळायचे. मिशन शाळेचे विल्सन गुरुजीही पूर्वी खेळत असत. त्यांनी ही कल्पना उचलून धरली. "सलाम, सलाम, फार उत्तम!" ते म्हणाले. "खेळाच्या जागी माणूस हुद्दा विसरतो." देवचक्क्यांनी नगरहून एक जाळी, चार रॅकेटी आणि पिसांच्या फुलांचा डबा आणला. पोस्टाला लागूनच लंकाबाईंची एक पट्टी होती. पूर्वी तिथं उकिरडा असायचा, आता नुसती ढेकळं, दगड आणि रिंगणीची काटेरी झुडपं होती. लंकाबाईंनी जागा लगेच दिली. फक्त ती पिसांची फुलं हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली आणि "माज्या कोंबड्या मोजून घेते बाई" म्हणत घराकडे गेल्या.

जागा सपाट कशी करायची, हा प्रश्न होता. तोही लंकाबाईंनीच सोडवला. "इर्जिक घाला की," त्या म्हणाल्या.

इर्जिक म्हणजे एखाद्याचं औतकाठीचं काम मोठं असलं की गावातल्या सगळ्यांनी आपापली बैलजोडी घेऊन जायचं, एका दिवसात काम उरकायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. हे ऐकून देवचक्क्यांना उकळ्या फुटल्या. एकाच दिवसात जागाही सपाट आणि पंधरा-वीस मित्रही तयार! 'उद्या माझ्या' हा भाग त्यांच्या कानात शिरला, पण डोक्यापर्यंत पोचला नाही.

आमंत्रणाचं काम त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. पदरच्या पैशानं पोस्टकार्डं घेतली आणि त्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आपणांस कळविण्यात येते की येत्या रविवारी सकाळी आपली बैलजोडी व अवजारे यांसह पोस्टाशेजारील जागेत हजर राहावे.' खाली सही आणि हुद्दा. कार्डं रीतसर पेटीत टाकली, रीतसर काढली, त्यांवर गोल शिक्का मारला आणि पोस्टमनच्या हाती दिली.

संध्याकाळपर्यंत करंजवाडीत बैल दिसेनासा झाला. सरकार बैल नेणार, अशी आवई उठली. कुणी म्हणालं मोजून घेणार, कुणी म्हणालं कर बसवणार, कुणी म्हणालं सरहद्दीवर पाठवणार. रातोरात जोड्या पाहुण्यांच्या गावी गेल्या, उसाच्या फडात लपल्या. बन्सीनं आपला एक बैल चक्क स्वयंपाकघरात बांधला, आणि त्यानं तिथं पिठाची परात संपवली. गावातले वयोवृद्ध कानिफनाथबाबा काठी टेकत पोस्टात आले आणि म्हणाले, "विंग्रजाच्या राज्यात बी बैल मागितलं न्हवतं कुनी." दोन शहाणी माणसं तर कार्ड घेऊन थेट तालुक्याला गेली. तिथून देवचक्क्यांना विचारणा आली, की बैलांसंबंधीचा आदेश आपण कोणत्या अधिकारात काढला? 'खेळाच्या' असं उत्तर लिहायचं देवचक्क्यांच्या अगदी जिवावर आलं, पण खरं तेच होतं.

लंकाबाईंनी कपाळावर हात मारला. "आवो, इर्जिकीचं आवतान कागदावर देत्यात व्हय? उंबऱ्याला जाऊन द्याचं आसतं त्ये. चला उठा, मी येते संगं."

मग देवचक्के घरोघर हिंडले. चार वर्षांत ज्यांचे पत्ते तोंडपाठ झाले होते, त्यांची घरं ते पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येक घरी घोंगडी टाकली जाई, गुळाचा चहा येई, आणि घरधनी हात जोडून धास्तावल्या आवाजात विचारी, "काय काम काढलं सायेब?" हा प्रश्न खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं ऐकताना कसा वाटतो, हे देवचक्क्यांना तेव्हा प्रथम समजलं. फार काही बरा वाटत नाही. चहा मात्र एकालाही नाही म्हणता येईना. शेवटच्या घरी तर त्यांनी कपाकडे पाहूनच डोळे मिटले.

आणि अखेर इर्जिकीचा दिवस उजाडला. पंधरांना आवतण होतं, आल्या त्याच्या दुप्पट जोड्या. ज्यांना बोलावलं नव्हतं ते 'आमी काय मेलो हुतो का?' म्हणत आले. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पुढे हलगी. विल्सन गुरुजी पांढरी विजार घालून, रॅकेट काखेत धरून स्वागताला उभे होते. कानिफनाथबाबांनी सगळीकडे नजर टाकली आणि विचारलं, "रान कुठं हाय?"

"हेच," देवचक्के म्हणाले.

"ह्यो बांध झाला. रान कुठं हाय?"

एवढंच रान आहे म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्या जोडीचे बैल पट्टीच्या त्या टोकाला पोचले तेव्हा नांगर अजून या टोकालाच होता. काम खरं तर तिथंच संपत होतं. पण इर्जिकीला आलेली जोडी नांगर न लावता परत गेली तर तो त्या बैलांचा अपमान, आणि बैलांपेक्षा मालकाचा मोठा. तेव्हा प्रत्येक जोडीनं एक फेरी मारलीच पाहिजे असं ठरलं. आधी कुणी, यावरून भांडणं झाली. एक जोडी उभी नांगरायची, दुसरी आडवी. देवचक्के काठाकाठानं धावत "सपाट! अहो, सपाट करायचंय!" असं ओरडत होते, पण हलगीपुढे त्यांचा आवाज कुणाला ऐकू जाणार? जाळीसाठी रोवलेले दोन वासे पहिल्या तासाभरातच आडवे झाले. दुपारी हलगी थांबली तेव्हा त्या पट्टीत गुडघाभर माती उकरलेली होती. "झकास!" कानिफनाथबाबा म्हणाले. "आता ऊस लावा न्हाईतर केळी लावा."

जेवणाचीही तीच तऱ्हा झाली. सुमतीबाईंनी पुरणपोळीचा बेत केला होता, पण आलेला जमाव पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लंकाबाई आणि गल्लीतल्या बायांनी पदर खोचले म्हणून निभावलं. बन्सीनं पातेल्यावरचं झाकण उचलून आत पाहिलं.

"सागुती न्हाई?"

"आम्ही मटण खात नाही," देवचक्के ओशाळून म्हणाले.

"मंग इर्जिक कशाला घातली?" बन्सीनं अगदी निर्मळपणे विचारलं आणि तो पोळ्यांना बसला. त्याच्या पोळ्या मोजणं सुमतीबाईंनी मध्येच सोडून दिलं.

जेवून सगळे निघून गेले. एकानंही खेळाबद्दल चकार शब्द काढला नाही. विल्सन गुरुजींनी एका ढेकळावर उभं राहून एक फूल उडवून पाहिलं. ते नांगराच्या दोन तासांच्या मध्ये असं जाऊन पडलं की पुन्हा सापडलं नाही. "पुढच्या वर्षी पाहू," असं म्हणून तेही गेले. देवचक्के एकटेच त्या नांगरटीच्या काठावर उभे राहिले. कपड्यांवर माती, घसा बसलेला, तालुक्याला हसं झालेलं. त्यांना रडू यायचंच बाकी होतं. घरात येऊन त्यांनी एक कोरा कागद घेतला, केडगावच्या बदलीचा अर्ज लिहिला आणि सुमतीबाईंना न सांगता दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या थैलीत घातला. संक्रांत अजून लांब होती, पण अपमानाला मुदत नसते.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बन्सी. "उंद्या माजी इर्जिक हाय. लवकर या."

"मी? माझ्याकडे बैल कुठले?"

"म्हाईत हाय. पर माजी जोडी तुमच्याकडं आल्ती का न्हाई? मंग तुमी नगं का याला? आन् न्हाई आला तर लोक म्हनतील, बन्सीला फुकाट राबवला."

तेव्हा कुठे 'उद्या माझ्या' हा भाग देवचक्क्यांच्या डोक्यापर्यंत पोचला. तीस जोड्या आल्या होत्या. तिसांचं देणं अंगावर होतं, आणि तेही बैलांशिवाय. त्यांनी मुकाट्यानं उजाडायच्या आत जायचं आणि पोस्टाच्या वेळेला परतायचं कबूल केलं. बन्सीच्या रानात त्यांनी नांगराचं रुमणं मुठीत धरलं तेव्हा बैलांनी एकदा मागे वळून पाहिलं आणि मग ते आपल्या मनानं चालू लागले. देवचक्के त्यांच्यामागून फरफटत गेले आणि ओढ्याच्या काठी सुटले. पुढच्या इर्जिकीत त्यांना वैरण टाकायला ठेवलं, तर बैलानं त्यांची टोपी खाल्ली. त्याच्या पुढच्या वेळी पाणी वाहायला ठेवलं, तर त्यांनी घागर फोडली. लोक हसत होते, पण हाकलत नव्हते. 'मास्तर न्हाई आलं?' असं आता आधीच विचारलं जाई.

आणि मग एके दिवशी कानिफनाथबाबांच्या रानात दोन गड्यांची आधी-नंतरवरून जुंपली. देवचक्के सवयीनं ओरडले, "रांगेत या! रांग मोडणाऱ्याचं काम होणार नाही!" चार वर्षं खिडकीत घासून तयार झालेला तो आवाज. दोघे जागच्या जागी थांबले, बैलसुद्धा थांबले. कुणाची जोडी कुणाच्या मागे आली, हे देवचक्क्यांच्या बरोबर ध्यानात होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? त्या दिवशी अजिबात भांडण झालं नाही. तेव्हापासून इर्जिकीत जोड्या सोडायचं काम मास्तरांकडे आलं. ते बांधावर काठी घेऊन उभे राहत, 'हं, पुढचे!' म्हणत, आणि त्यांना मनातून इतकं बरं वाटे की पोस्ट उघडायची वेळ झाली तरी पाय निघत नसे.

आणि इथेच त्यांचा जीव कात्रीत सापडला. अर्ज तर गेला होता! तो परत मागवायचा म्हणजे कारण लिहायला हवं, आणि 'इर्जिकीत जोड्या सोडायच्या असल्यामुळे' हे कारण खात्याला पटलं नसतं. शिवाय खातं एरवी काही मंजूर करत नाही, पण नको असलेली गोष्ट ते हमखास मंजूर करतं, हा त्यांचा अनुभव होता. रोज थैली उघडायच्या आधी ते मागच्या खोलीत जाऊन खाटेवर टेकायचे. सुमतीबाई विचारायच्या, "पुन्हा हिवताप का?" ते मान हलवायचे, पण कोणत्या बाजूला ते कळायचं नाही.

इकडे लंकाबाईंनी बॅडमिंटनच्या मैदानात हरभरा पेरला. नांगरलेलं रान मोकळं ठेवणं त्यांच्या जिवाला पटेना. शेळ्या येऊ नयेत म्हणून त्यांनी कडेनं जाळीही बांधून टाकली. नगरहून आणलेली, खास बॅडमिंटनची. देवचक्क्यांनी बांधू दिली. ती जाळी प्रथमच कुणाच्या उपयोगी पडत होती.

संक्रांत आठवड्यावर आली आणि थैलीत लांब पाकीट निघालं. देवचक्क्यांनी खिडकी लावून घेतली, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि पाकीट फोडलं. आत त्यांचाच अर्ज होता. त्यावर लाल शाईत शेरा होता, की सदर अर्ज साध्या कागदावर लिहिला असून ठरलेल्या नमुन्यात नाही, सबब परत. हाच शेरा सांगून देवचक्क्यांनी आजवर कितीतरी गोरगरिबांना खिडकीवरून परत पाठवलं होतं. त्यांना एकदम हायसं वाटलं. खात्याविषयी त्यांच्या मनात इतकं प्रेम यापूर्वी कधी दाटून आलं नव्हतं. त्यांनी अर्जाची घडी करून खिशात टाकली आणि खिडकी उघडली. बाहेर उभ्या असलेल्या बाईचा फॉर्म चुकला होता. तो त्यांनी स्वतः दुरुस्त करून दिला.

पण करार बाकी होता. इर्जिकी आवरल्या होत्या, रानात बोलावणारे आपापल्या कामाला लागले होते, आणि घरी अजून कुणीही आलं नव्हतं. आता अर्ज करायचा नाही हे देवचक्क्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण म्हणून मन थोडंच ऐकतं? भोगीच्या दिवशी, संध्याकाळी पोस्ट बंद करून ते मागच्या अंगणात बसले. सुमतीबाई आत बाजरीच्या भाकरीवर तीळ लावत होत्या. फाटक वाजलं. बन्सी आला होता. येताना मैदानातले हरभऱ्याचे डहाळे उपटून त्यानं काखेत मारले होते.

"काय का..." देवचक्क्यांच्या तोंडून निघालंच होतं. आत भांडं आपटल्याचा आवाज आला. "या, बन्सीभाऊ," ते म्हणाले.

बन्सी बाजेवर बसला. मग त्याचा हात सावकाश खिशाकडे गेला, आणि देवचक्क्यांचा चेहरा पडला. आता मनीऑर्डरचा कागद निघणार. पण निघाली चंची. बन्सीनं पान लावलं, अर्धं देवचक्क्यांना दिलं, आणि डहाळे मध्ये ठेवून घाटे सोलायला सुरुवात केली. थंडी जरा जास्तच पडलीय, एवढंच तो म्हणाला.

शेवटी देवचक्क्यांना राहवेना. "बन्सी, खरं सांग. काही काम होतं का?"

"काम?" बन्सीनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "कामाला खिडकीवर आलो आसतो की. घरी करमंना, म्हनलं मास्तरकडं जाऊ. का? जाऊ का?"

"नाही नाही! बस, बस!" देवचक्के इतक्या जोरात म्हणाले की लंकाबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. देवचक्क्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवायला ते घाटे सोलू लागले.

"टरफलं अंगनात नगं," बन्सी म्हणाला. "वहिनी झाडून घेत्यात. येखादा कागुद हाय का?"

देवचक्क्यांनी खिशातून घडी काढली, उलगडली आणि दोघांच्या मध्ये पसरली. दोघं जण सोलत बसले, इर्जिकीतल्या टोपी खाणाऱ्या बैलाच्या गोष्टी निघाल्या, आणि चांदणं पडेपर्यंत त्या कागदावर मोठा ढीग झाला. बन्सी गेल्यावर सुमतीबाई कागद उचलायला आल्या. टरफलांच्या आडून त्यांना नवऱ्याचं सुवाच्य अक्षर, 'केडगाव' हा शब्द आणि लाल शाई दिसली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"टरफलं," देवचक्के म्हणाले.